जानोजी भोसल्यांचे बंड

त्रिपुरी पौर्णिमेस पारशिवनीकडून रामटेकला जाणारा यात्रेकरू गड चढू लागला, की नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांचे नाव सहज त्याच्या ओठी येते. परंतु त्याच रघुजींचे पुत्र जानोजी यांचे नाव निघाले, तर ते बहुधा 'फितुरी' या एका शब्दाच्या सोबतीने निघते. पेंच-कन्हानच्या मुलुखाच्या या धन्याविषयी एवढ्यावर निकाल देऊन मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते.

सेनासाहेबसुभा हे पद रघुजींना सातारच्या शाहू महाराजांनी दिलेले होते, पेशव्यांनी नव्हे. आणि पेशवाईची वस्त्रेही त्याच महाराजांच्या हातची. म्हणजे नागपूर आणि पुणे ही एकाच धन्याच्या दोन चाकरांची ठाणी होती. १७४९ साली शाहू महाराज निवर्तले, राज्याचा सारा कारभार पुण्यास गेला, आणि १७५५ साली रघुजींच्या मृत्यूनंतर जानोजी व मुधोजी या बंधूंमध्ये वारसाचा तंटा उभा राहिला, तेव्हा त्याचा निवाडाही पेशव्यांनीच केला. जानोजींना पद मिळाले खरे. पण जे पद बरोबरीच्या नात्याने मिरवायचे, ते दुसऱ्याच्या हातून घ्यावे लागल्याचे शल्य नागपूरच्या दरबारात राहिले.

इंग्लंडच्या इतिहासात असाच एक प्रसंग आहे. लेस्टरचा अमीर सायमन दि माँटफर्ड हा तिसऱ्या हेन्री राजाचा मेहुणा. परंतु राजाने सरदारांच्या सल्ल्यावाचून राज्य चालवू नये, या आग्रहाने तो शस्त्र घेऊन उठला, १२६४ साली ल्यूस येथे त्याने खुद्द राजास कैद केले, पुढच्या वर्षी गावोगावच्या प्रतिनिधींनाही सभेस बोलावले, आणि त्याच वर्षी ईव्हशमच्या रणांगणावर तो मारला गेला. माँटफर्डपाशी सरदारांनी मिळून लिहिलेला कलमवार मसुदा होता. जानोजींपाशी तसा कागद नव्हता, आणि माझ्या मते त्यांच्या बंडाचे मुख्य वैगुण्य हेच होय: गाऱ्हाणे खरे, पण ते मांडण्यासाठी धरलेला हात परक्याचा.

तो हात हैदराबादच्या निजामअलीचा होता. भोसले कुळातील पुरुष म्हणून साताऱ्याचा कारभार आपल्याकडे येईल, या आशेवर १७६३ साली जानोजी निजामास मिळाले. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर आणि जानोजींचे दिवाण देवाजीपंत चोरघडे, साडेतीन शहाण्यांतील हे दोन पूर्ण शहाणे, एका मसलतीत बसले आणि त्या वर्षी पुणे शहर लुटले व जाळले गेले. देवाजीपंत आपल्याच नागपूर जिल्ह्यातील नरखेडचे. त्यांच्या बुद्धीचे कौतुक करताना पुण्यातील जळालेल्या घरांचा विसर पडू नये. पुढे पेशव्यांचे चुलते राघोबादादा यांनी बत्तीस लक्षांच्या मुलुखाचे अभिवचन देताच जानोजी निजामापासून अलग झाले, १० ऑगस्ट रोजी राक्षसभुवनास निजामाचा पराभव झाला आणि विठ्ठल सुंदर तेथेच पडला.

तरुण माधवराव पेशव्यांना हा सौदा मनापासून रुचला नाही. १७६६ साली त्यांनी त्या बत्तीस लक्षांपैकी चोवीस लक्षांचा मुलूख परत घेतला. आणि १७६८ साली राघोबादादा माधवरावांविरुद्धच्या धोडपच्या लढाईत पराभूत होऊन कैद झाले, तेव्हा त्यांचे साह्यकर्ते जानोजी यांच्यावर माधवराव स्वतः चालून आले. भोसल्यांचे कुटुंबकबिले गाविलगडावर गेले होते. नागपूर लुटले गेले, चांद्यास वेढा पडला. जानोजींनी मात्र समोरासमोरची लढाई टाळली आणि पेशव्यांच्या फौजेस हुलकावणी देत थेट पुण्याचीच वाट धरली. सहा वर्षांपूर्वी पुणेकरांवर आलेले संकट आता नागपूरच्या रयतेने सोसले, आणि या दोन्ही आगींचा हिशेब कोणत्याच दरबारच्या जमाखर्चात मांडला गेला नाही.

अखेर १७६९ साली कनकापूर येथे तह झाला. पाच लक्ष एक रुपया हप्त्यांनी भरावा, बोलावणे येताच फौजेनिशी चाकरीस हजर व्हावे, इंग्रज, निजाम वा दिल्लीचा बादशहा यांच्याशी परभारे राजकारण करू नये, अशी कलमे जानोजींनी मान्य केली. उलट भोसल्यांच्या घरातील बाबतींत हात न घालण्याचे पेशव्यांनीही कबूल केले. पाच लक्षांवरील तो एक रुपया मला फार बोलका वाटतो; जोवर तो पुण्यास जात होता, तोवर दोन चाकरांपैकी धाकटा कोण, याचा निकाल लागलेला होता.

जानोजींना पुत्र नव्हता. मुधोजींचा मुलगा रघुजी यास दत्तक घेण्याची संमती त्यांनी माधवरावांकडून मिळविली आणि पुण्याकडून परतताना १७७२ च्या मे महिन्यात तुळजापूरच्या वाटेवर ते वारले. त्यांच्या पश्चात मुधोजी व साबाजी या दोन भावांत युद्ध पेटले. १७७५ च्या जानेवारीत नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत विजय हाती आला असे मानून साबाजींनी आपला हत्ती मुधोजींच्या हत्तीजवळ नेला व शरण येण्यास बजावले. मुधोजींनी पिस्तूल झाडले, आणि साबाजी जागच्या जागी कोसळले.