सूर्याचे हात आणि तीन पेले

माझी भाची चौथीत आहे आणि तिच्या टॅबमध्ये तिचं स्वतःचं हॉटेल आहे. गिऱ्हाइकं येतात, त्यांच्या डोक्यावर एक फुगा उमटतो, फुग्यात पाव नाहीतर केक नाहीतर पिझ्झा दिसतो, की ही लागली कामाला! परवा तिने माझ्यासमोर पाव केला. मैदा ओतला, पाणी ओतलं, काचेवर बोट गरागरा फिरवून पीठ तिंबलं आणि ‘टिंग!’ गोळा फुगून दुप्पट. मी मनातल्या मनात आकडे मोजत होतो. सहा सेकंद.

“खरा पाव इतक्यात फुगतो का गं?” मी विचारलं.

“नाही रे मामा. पण हात गरम असले तर लवकर फुगतो. आझुमाचे असतात तसे.”

मग त्या संध्याकाळी आमची आझुमाशी ओळख झाली. ताकाशी हाशिगुची यांच्या ‘याकिताते! जापान’ या चित्रकथेचा तो नायक. त्या कथेवरून 2004 साली जपानमध्ये ॲनिमे मालिका आली. याकिताते म्हणजे नुकतंच भाजलेलं, ताजं ताजं. आणि जपानी भाषेत पावाला म्हणतात ‘पान’. त्यामुळे ‘जापान’ म्हणजे देशही आणि पावही! फ्रान्सचा फ्रेंच ब्रेड असतो, मग जपानचा स्वतःचा पाव का नको, या एकाच ध्यासाने हा मुलगा झपाटलेला आहे. आणि त्याच्याकडे आहेत ‘सूर्याचे हात’. इतरांपेक्षा गरम हात. त्या हातांनी मळलेलं पीठ छान फुगतं.

आता तुम्ही म्हणाल, ही तर जादूची गोष्ट. थांबा. त्या जादूत बरंच खरं दडलंय.

पाव फुगवतो कोण? यीस्ट. हे बुरशीच्या कुळातले एकपेशीय जीव. इतके बारीक, की एका मिलिमीटरच्या लांबीत शंभरेक सहज ओळीने उभे राहतील. बाजारात जे कोरडे, तपकिरी दाणे मिळतात, त्यातला एकेक दाणा म्हणजे झोपलेल्या यीस्टचं अख्खं गाव. पाणी मिळालं की ते जागे होतात, साखर खातात आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. हा वायू पिठात अडकतो आणि पीठ वर येतं.

अडकतो कसा, हे मला सगळ्यात आवडतं. मैद्यात दोन प्रकारची प्रथिनं असतात. पाणी घालून तिंबलं की ती एकमेकांत गुंततात आणि त्यांचं रबरासारखं ताणणारं जाळं तयार होतं. त्याला ग्लूटेन म्हणतात. वायूचे बुडबुडे या जाळ्याला फुग्यासारखं ताणतात, पण फाडत नाहीत. ज्वारीच्या पिठात हे जाळं तयारच होत नाही. म्हणून तर आजी भाकरी लाटत नाही, हलक्या हाताने थापते, आणि पीठ गरम पाण्यात मळते. नाहीतर कडा चिरतात. भाकरीही तव्यावरून विस्तवावर टाकली की टम्म फुगते, पण ती आतल्या पाण्याच्या वाफेने. तिथे यीस्टचं काही काम नाही.

तर, गरम हात. यीस्टला कोमट वातावरण मानवतं. साधारण 30 अंश सेल्सिअसच्या आसपास ते झपाट्याने कामाला लागतात. आपल्या तळहाताची त्वचाही साधारण तेवढीच उबदार असते! म्हणजे गोष्ट पूर्ण खरी नाही, पण पूर्ण खोटीही नाही. जपानच्या कडक हिवाळ्यात, गारठलेल्या स्वयंपाकघरात उबदार हातांचा उपयोग नक्की होईल. मुंबईच्या मे महिन्यात मात्र तेच हात अडचणीचे ठरतील. उन्हाळ्यात पीठ फार लवकर फुगू नये म्हणून बेकरीवाले पिठात गार पाणी, कधी बर्फसुद्धा घालतात. उलट थंडीच्या दिवसांत इडलीचं पीठ फुगत नाही म्हणून आई ते पातेलं जाड कापडात गुंडाळून ठेवते, ते आठवतंय ना? इडलीच्या पिठात मुख्य काम जिवाणूंचं असतं, पण ऊब त्यांनाही लागतेच.

भाचीला एवढ्यावर समाधान नव्हतं. “बघूया,” ती म्हणाली.

आम्ही स्टीलचे नव्हे, काचेचे तीन पेले घेतले. प्रत्येकासाठी चार चमचे मैदा, अर्धा चमचा साखर, पाव चमचा यीस्ट. (पावासाठी पाव चमचा!) पहिल्यात फ्रिजमधलं पाणी, दुसऱ्यात कोमट, तिसऱ्यात उकळतं. उकळतं पाणी मी ओतलं. तुम्ही करणार असाल तर ते काम घरातल्या मोठ्यांनाच करू द्या. पीठ जिथवर होतं, तिथे प्रत्येक पेल्याला रबरबँड लावलं. पहिला पेला फ्रिजमध्ये गेला, बाकीचे दोन ओट्यावर ओल्या फडक्याखाली.

मग वाट बघणं आलं. सहा सेकंदांत ‘टिंग’ ऐकायची सवय असलेल्या मुलीला ते फार जड गेलं. तेवढ्या वेळात तिला मी आणखी एक गंमत सांगितली.

काही जण सांगतात, पीठ पायाने तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात. छे! पोर्तुगीज भाषेत ब्रेडला म्हणतात ‘पांव’, शेवट नाकातून उच्चारून. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला. त्यांच्याबरोबर हा पदार्थ आणि हा शब्द आपल्याकडे आला. गोव्यात पाववाल्याला आजही पोदेर म्हणतात. पूर्वी तिथे पीठ फुगवायला माडाची सूर घालत, कारण सुरेत यीस्ट आपोआप वाढलेलं असतं. तेच पोर्तुगीज 1543 मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले, आणि तिथे त्याच शब्दाचं झालं ‘पान’. म्हणजे आझुमाचं पान आणि आपल्या वडापावातला पाव ही सख्खी भावंडं! हे ऐकून भाचीचे डोळे एवढे मोठे झाले.

पण वेळ अजून उरला होता. तिने टॅब उचलला, मीही अडवलं नाही. हे खेळ मला मनापासून आवडतात. 2006 साली निन्टेन्डो डीएस या छोट्या यंत्रावर ‘कुकिंग मामा’ नावाचा खेळ आला. (इथे मामा म्हणजे आई हं, मी नव्हे.) त्यात काडीसारख्या पेनाने कांदा चिरायचा, ढवळायचं, आणि गरम पदार्थ निववायला यंत्राच्या मायक्रोफोनवर खरोखर फुंकर मारायची! आधी काय, मग काय, हा स्वयंपाकाचा क्रम अशा खेळांतून छान डोक्यात बसतो. गाळला जातो तो फक्त वेळ. आणि यीस्टला तर नेमका वेळच हवा असतो.

वेळ दाखवणारा एक ॲनिमे चित्रपट मात्र आहे. हायाओ मियाझाकी यांचा ‘पोन्यो’, 2008 चा. त्यात आई दोन मुलांसाठी वाडग्यात सुके नूडल्स ठेवते, उकळतं पाणी ओतते, झाकण ठेवते. तीन मिनिटं थांबायचं! मासोळीची मुलगी झालेली पोन्यो नुसती चुळबुळत असते. झाकणाआड काय चाललेलं असतं? असे झटपट नूडल्स मोमोफुकु आंदो यांनी 1958 मध्ये जपानमध्ये बाजारात आणले. ते आधी तेलात तळलेले असतात. तळताना आतलं पाणी वाफ होऊन निसटतं आणि मागे बारीक बारीक भोकं राहतात. गरम पाणी त्याच भोकांतून परत आत शिरतं.

पाऊण तासाने आम्ही फडकं काढलं. कोमट पाण्याचं पीठ रबरबँडच्या कितीतरी वर, काचेला चिकटून आतले बुडबुडे स्पष्ट दिसत होते. नाक जवळ नेलं तर आंबटगोड वास. उकळत्या पाण्याचं पीठ खळीसारखं चिकट, जिथल्या तिथे. 60 अंशांच्या आसपास यीस्ट मरतं, इथे तर पाणी उकळतं होतं. फ्रिजमधलं पीठही जागचं हललं नव्हतं.

“हेपण मेलं,” भाची हिरमुसून म्हणाली.

“बघूया,” आता मी म्हणालो. तो पेला आम्ही ओट्यावर ठेवला आणि झोपायला गेलो.

सकाळी साडेसहाला तिने मला गदागदा हलवून उठवलं. रात्रभरात पीठ पेल्याच्या काठावरून उतू जाऊन ओट्यावर ओघळलं होतं, आणि रबरबँड त्या ओघळाखाली कुठे दिसतही नव्हतं.