घरच्या बागेला ठिबक

ठिबक म्हटलं की डोळ्यासमोर येतात केळीच्या नाहीतर द्राक्षाच्या बागा. इस्रायलच्या सिम्खा ब्लास या इंजिनिअरने ते तंत्र पुढे आणलं आणि १९६५ मध्ये हात्झेरिम किबुत्झमध्ये त्यावर कंपनी उभी राहिली. पण चार झाडांच्या परसबागेलाही ते चालतं, आणि हिशेब सेकंड इयरच्या फ्लुइड मेकॅनिक्सपलीकडे जात नाही.

आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी, गच्चीवर हजार लिटरची टाकी. आई रोज अर्धा तास पाइप धरायची. बादली लावून मोजलं, तर मिनिटाला १० लिटर. म्हणजे दोन दिवसांचे ६०० लिटर बागेलाच! उरलेल्या ४०० मध्ये चौघांचं घर. मे महिन्यात "झाडं काढूनच टाकू" इथपर्यंत गाडी आली होती.

आधी गरज काढू. १ चौरस मीटरवर १ मि.मी. पाणी म्हणजे १ लिटर. उन्हाळ्यात दिवसाला ६ मि.मी. बाष्पीभवन आणि ०.७ पीक गुणांक धरला. लिंबाच्या सावलीचा व्यास २ मीटर, म्हणजे क्षेत्र ३.१४ चौ.मी.; गुणाकार १३ लिटर. कढीपत्त्याचा व्यास १ मीटर, त्याला सव्वातीन लिटर पुरे.

आता खरी गंमत. ड्रिपरवर '४ लिटर प्रतितास' लिहिलेलं असतं ते १० मीटर हेडला. आमची टाकी बागेपासून ४ मीटर उंच. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून मिळतात फक्त अडीच लिटर. (दुकानदार 'प्रेशर कॉम्पेन्सेटिंग' ड्रिपर गळ्यात मारू बघेल. एवढ्या कमी दाबावर ते नीट चालत नाहीत, घेऊ नका.) कढीपत्त्याला एक ड्रिपर, लिंबाला चार. दोघांचंही काम १ तास २० मिनिटांत होतं. वेळ सगळ्यांना एकच ठेवायची, बदलायची ती ड्रिपरची संख्या. जास्वंदी दोन, त्यांना दोन-दोन. मोगऱ्याच्या पाच झुडपांना एकेक. एकूण १४ ड्रिपर, ४७ लिटर.

कुंड्यांना हे सूत्र लावू नका. त्या चारी बाजूंनी तापतात, त्यामुळे क्षेत्रफळावरून येणारं उत्तर फारच कमी येतं. १२ इंची कुंडीला १ लिटर धरून वीस कुंड्यांची लाइन वेगळ्या कॉकवर घेतली. ती २५ मिनिटं चालते. बेरीज ६७-६८ लिटर. तीनशेतलं बरंचसं पाणी फरशीवरच जात होतं म्हणायचं.

जोडणी सोपी आहे. टाकीच्या आउटलेटला कॉक, मग जाळीचा फिल्टर, मग १६ मि.मी.ची काळी लॅटरल. काळीच घ्या, आत उजेड गेला की शेवाळ धरतं. फिल्टर आठवड्याला धुवायचा आणि लॅटरलचं टोक उघडून गाळ सोडायचा. बोअरचं पाणी असेल तर ड्रिपर क्षारांनी बुजतात, ते अधूनमधून काढून बघावे लागतात.

जमीनही बघा. काळ्या मातीत पाणी आडवं पसरतं, मुरमात सरळ खाली जातं. तिथे तेवढंच पाणी जास्त ठिकाणी द्यावं लागतं. आकडेमोड झाली तरी चार बोटं माती उकरून मुठीत दाबायची. गोळा होऊन हलक्या हाताने फुटला की वाफसा आहे. चिकटला, तर दहा मिनिटं कमी करा. टायमरचं म्हणाल तर बरेच सोलेनॉइड व्हॉल्व्ह इतक्या कमी दाबावर उघडतच नाहीत. आमच्याकडे आई कुकर लावायच्या आधी कॉक उघडते आणि मोबाइलला गजर लावते.