मणी लहान ठेवायचा

देऊळगावराजाकडच्या आमच्या द्राक्षबागेत मी लहानपणापासून एकच गोष्ट शिकलो: मणी फुगला पाहिजे. थॉमसन या खायच्या द्राक्षाचे घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक आम्लाच्या, द्रावणात बुडवायचे, विरळणी करायची, पाण्याचा ताण बसू द्यायचा नाही. शेजारच्या जालना जिल्ह्यातलं कडवंची शेततळ्यांच्या जोरावर द्राक्षाचं गाव झालं. ते पाहायला आम्हीही गेलो आणि तिथूनही हेच शिकून आलो. म्हणून फेब्रुवारीत अकलूजजवळच्या एका वाईनच्या बागेत पहाटे तोडणीला उभा राहिलो, तेव्हा ही बाग फसली असंच पहिल्यांदा वाटलं. कॅबर्नेट सॉव्हिन्यॉ या जातीचा मणी जेमतेम वाटाण्याएवढा होता.

"पावणं, ह्याला लाडावून चालत नाय," ओळीतले मुकादम म्हणाले. "पाणी दाखवायचं, पाजायचं नाय."

कारण सोपं आहे. लाल वाईनचा रंग आणि तिचा तुरटपणा, म्हणजे टॅनिन, बहुतेक सालीत आणि बियांत असतो. मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त. हे टॅनिन आणि आंबटपणा यांच्या जोरावरच वाईन वर्षानुवर्षं टिकते. आमच्या थॉमसनला बीच नाही, साल पातळ. तिला टिकायचं नसतंच, गोड लागायचं असतं.

पलीकडच्या ओळी सांजोव्हेजीच्या होत्या. इटलीतल्या टस्कनीची ही जात; कियांती आणि ब्रुनेल्लो या वाईन्स मुख्यतः हिच्यापासून होतात. तिकडे थंडीत वेल पूर्ण झोपते आणि पीक सप्टेंबर-ऑक्टोबरात येतं. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी, अशा दोन कराव्या लागतात. ही जात घड फार धरते. मण्यांत पाणी उतरायच्या सुमारास त्यातले काही घड कापून जमिनीवर टाकले जातात. पडलेले घड मातीत पाहणं माझ्यासारख्याला जड गेलं असतं, एवढं खरं.

तोडणीआधी रिफ्रॅक्टोमीटर लावून साखर पाहतात, पण त्यावर कुणी विसंबत नाही. मुकादमांनी मणी तोंडात टाकला, गर गिळला आणि बी दाताखाली फोडली. बी तपकिरी आणि कुरकुरीत लागली तर टॅनिन पिकलं. हिरवी, कडू लागली तर थांबायचं. थांबण्यातही धोका आहे. उन्हाने साखर चढते तशी आम्लता उतरते, आणि आम्लता गेली की ती वाईन टिकणार नाही. सांजोव्हेजी आपली आम्लता बऱ्यापैकी राखते, म्हणून इथे तिची किंमत.

नऊपर्यंत क्रेट वायनरीत गेले. देठ वेगळे झाले, फुटलेले मणी सालीसकट टाकीत. आंबवण सुरू झालं की कर्बवायू साली वर ढकलतो आणि वर जाड थर धरतो. तो कोरडा पडू द्यायचा नाही: तळातला रस पंपाने काढून दिवसातून दोन-तीनदा वर ओतायचा. मला त्या थराचा ऊबदार वास आठवतो. गूळ, ओलं लाकूड आणि कुठेतरी जांभळाची साल.

मग ओकची पिंपं. लाकडातून किंचित हवा शिरते, टॅनिनचे रेणू एकमेकांना जुळतात आणि तुरटपणाची धार बोथट होते. काही वाईन उडूनही जाते. ती जागा पुन्हा काठोकाठ भरावी लागते, नाहीतर हवा साचून वाईन आंबते. अकलूजच्याच फ्रातेल्ली वाईन्सची 'सेत्ते' सांजोव्हेजी आणि कॅबर्नेट सॉव्हिन्यॉपासून होते, ओकमध्ये मुरते. फ्रातेल्ली म्हणजे भाऊ, सेत्ते म्हणजे सात. मोहिते-पाटील, सेखरी आणि सेच्ची या तीन भावजोड्या आणि टस्कनीचे वाईनकार पिएरो मासी, असे सात. नीरेच्या काठच्या ऊसपट्ट्यात, साखर कारखान्यांच्या शेजारी, अशी वाईन जन्मावी याचं मला फार अप्रूप वाटतं.

शेवटी दोन पेले पुढे आले. पहिला पिंपातला, गडद जांभळट. घोट घेताच हिरड्या आखडल्या, कच्चं डाळिंब चावल्यासारख्या. दुसरा काही वर्षं बाटलीत राहिलेला. कडेला गेरूचा रंग, जिभेवर तुरटपणा होता, पण पकड नव्हती. सुकलेल्या अंजिराची चव मागे राहिली.

"अजून किती वर्षं राहील?" मी विचारलं.

मुकादमांनी उत्तर दिलं नाही. शेजारची न उघडलेली बाटली उचलून त्यांनी परत आडवी निजवली, बूच ओलं राहील अशी.