आईचे चित्रपट, मुलाचा शोध

अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील होळीचे चित्रण आता असंख्य मोबाईलवर होते. तथापि, २०११ च्या जनगणनेनुसार ज्या नंदुरबार जिल्ह्यात दहांपैकी जवळजवळ सात माणसे आदिवासी आहेत, तेथे कॅमेरा बहुधा बाहेरच्यांच्याच हाती राहिला. मणिबेलीच्या विस्थापनाची नोंद घेणारा ‘अ नर्मदा डायरी’ (१९९५) हा माहितीपटही आनंद पटवर्धन व सिमंतिनी धुरू या बाहेरून आलेल्या दिग्दर्शकांचा. या दृष्टीने न्यूझीलंडच्या माओरी दिग्दर्शिका मेराटा मीटा यांचे कार्य आपल्याकडील शिक्षकांनी जाणून घेण्यासारखे आहे.

१९४२ साली माकेटू या गावी जन्मलेल्या मीटा मूळच्या शिक्षिका. कावेराऊ येथील शाळेत माओरी मुलांना शिकविताना त्यांनी चित्रफितीचा उपयोग केला. चित्रपटाच्या क्षेत्रात त्या आल्या त्या अशा वर्गातूनच.

ऑकलंडमधील बॅस्टियन पॉइंट या आपल्या पूर्वापार जमिनीवर माओरींनी दीर्घकाळ ठिय्या दिला होता. २५ मे १९७८ रोजी, ५०७ व्या दिवशी, तो मोडण्यात येऊन २२२ जणांना अटक झाली. मीटा यांनी सहकाऱ्यांसह केलेला ‘बॅस्टियन पॉइंट : डे ५०७’ (१९८०) हा त्या एका दिवसाचा लघुपट. ‘पाटू!’ (१९८३) मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाच्या १९८१ च्या दौऱ्याविरुद्धची निदर्शने आहेत; चित्रण जप्त होईल या भीतीने ते दडवून ठेवावे लागले होते. ‘मौरी’ (१९८८) हा माओरी स्त्रीने एकटीने लिहून दिग्दर्शित केलेला पहिला कथापट होय.

२०१० साली मीटा यांचे निधन झाले. त्यांचे धाकटे चिरंजीव हेपेरी यांच्या जन्मापूर्वीच आईच्या संघर्षाचा बराचसा काळ सरला होता. चित्र व ध्वनी यांच्या राष्ट्रीय संग्रहालयात काम करताना जुन्या फितींतून त्यांना तरुणपणीची आई दिसली. घराने त्यासाठी काय सोसले, ते थोरल्या भावंडांनी सांगितले. ‘मेराटा’ या २०१८ च्या त्यांच्या माहितीपटाचा हाच भाग सर्वांत सरस आहे, कारण तेथे आईची देवता केलेली नाही.

त्या संग्रहालयात माओरींचे जुने चित्रण वापरण्यापूर्वी संबंधित वंशजांचे मत घेण्याचा प्रघात आहे. आपल्या एखाद्या ग्रामपंचायतीने वा शाळेने वृद्धांची भिली, पावरी, मावची बोलीतील गाणी मुद्रित केली, तर गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख व संमती यांची नोंद त्याच दिवशी करावी. नोंद नसलेली फीत दहा वर्षांनी घरच्यांनाही ओळखू येत नाही.