सव्वाशे डॉलरची गिरण

अमेरिकेत घरच्या घरी बिअर करणाऱ्यांचा वीकेण्ड सुरू होतो तो धान्य भरडण्यापासून. हातानं दांडा फिरवून दंड भरून आले, की प्रत्येकाच्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागतो... याला मोटार लावली तर? कॅलिफोर्नियात फ्रीमॉण्टच्या एका मराठी गराजमध्ये हा किडा वळवळला, चावला आणि शेवटी माणसाळला. त्याची ही गोष्ट. हिशोबासकट!

शनिवारी सकाळी साडेसात वाजता तुम्ही काय करत असता? झोपलेले असता, बरोबर? माझा मावसभाऊही पुण्यात नोकरी करायचा तेव्हा हेच करायचा. आता फ्रीमॉण्टला तोच प्राणी साडेसहाला उठतो, बर्म्युडा चढवतो आणि गराजचं शटर वर करतो. गाडी कायम बाहेर. कारण आत पातेली, पाइप, फुगे आलेले काचेचे बुधले आणि धान्याची पोती! गेल्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेलो तेव्हा वहिनींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, ''भाऊजी, शनिवारी यांच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. हे गिरणीत असतात.''

गिरणीत? मला वाटलं जोक आहे. नव्हता.

सत्त्वाचाच फण्डा

आपल्याकडे नाचणीला मोड आणतात, वाळवतात, दळतात आणि सत्त्व करतात. बिअरचं माल्ट म्हणजे तोच फण्डा, फक्त धान्य जव. जव भिजवायचे, मोड फुटू द्यायचे आणि गरम हवेत वाळवायचे. मोड फुटताना दाण्यात एन्झाइम्स तयार होतात. मग हे दाणे भरडून 65 ते 68 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजत ठेवले, की एन्झाइम्स पिठाची साखर करून टाकतात. ते गोड पाणी गाळायचं, हॉप्स घालून उकळायचं, गार करायचं आणि यीस्टच्या स्वाधीन करायचं. 19 लिटरच्या एका घाण्याला साधारण पाच किलो माल्ट लागतं.

सगळी गंमत आहे ती 'भरडून' या शब्दात. दळून नाही, भरडून! दाणा आतून फुटला पाहिजे, पण वरचं टरफल शक्यतो अख्खं राहिलं पाहिजे. कारण गाळताना हीच टरफलं चाळणीचं काम करतात. पीठ केलंत, तर पातेल्यात लापशी होते आणि थेंबही खाली उतरत नाही. फार जाड ठेवलंत, तर साखर दाण्यातच अडकते आणि बिअर पाणचट. म्हणून मिक्सर बाद. घरघंटीही बाद, कारण ती टरफलाचाही भुगा करते. त्याला लागतात दोन लोखंडी रोलर, मध्ये साधारण एक मिलिमीटरची फट. मापायला साधन? तुमच्या पाकिटातलं क्रेडिट कार्ड! त्याची जाडी 0.76 मिलिमीटर. फटीतून कार्ड सहज जाऊन किंचित खेळलं, की समजा जमलं. (क्रेडिट कार्डाचा इतका स्वस्त उपयोग दुसरा नसेल!)

पूर्वी तिकडचे हौशी लोक लाटण्यानं दाणे चिरडायचे. मग आली 'कोरोना' मिल. नावावर जाऊ नका, ही कोलंबियात मका दळायला बनलेली हाताची चक्की आहे. खूप जण अजूनही तीच वापरतात. दादाकडे मात्र दोन रोलरवाली होती. हाताच्या दांड्याची. पाच किलोला वीस मिनिटं आणि दुसऱ्या दिवशी कीबोर्डवर हात ठेवताना 'आई गं!'

ड्रिलचा डाव

''सगळे करतात तेच मीही आधी केलं,'' दादा सांगत होता. सगळे काय करतात? दांडा काढतात आणि त्या जागी हाताची ड्रिल मशीन जोडतात. पाच किलोचा पाच-सहा मिनिटांत फडशा! आयडिया वाईट नाही. पण दोन गोची आहेत.

पहिली म्हणजे ड्रिल पळण्यासाठी बनलेली असते. रोलर फिरायला हवेत मिनिटाला दीडशे-दोनशे फेऱ्यांच्या आसपास. त्याहून फार जोरात फिरवले तर टरफलांच्या चिंध्या होतात. मग आपण ट्रिगर अर्धवट दाबून ड्रिल हळू चालवतो. हळू चालली की तिच्या आतला पंखाही हळू फिरतो, पण लोड तर पूर्ण असतो. पाच मिनिटांत जळका वास! हे काम ड्रिलकडूनच करून घ्यायचं असेल, तर अर्धा इंची चकची, मुळातच कमी वेगाची आणि दणकट ड्रिल घ्यावी.

दुसरी गोची जास्त महागाची. ट्रिगर दाबून बोट दुखतं म्हणून दादानं त्यावर प्लॅस्टिकची झिप टाय आवळली. एकदम कूल! एका शनिवारी धान्यातून खडा आला. रोलर जागच्या जागी थांबले. आता रोलर फिरत नसतील तर कोण फिरणार? ड्रिल! तिनं दादाच्या मनगटासकट गिरकी घेतली. सोडायला ट्रिगर सुटेना, कारण तो बांधलेला. वहिनींनी धावत येऊन प्लग उपटला तेव्हा कुठे प्रकरण थांबलं. तीन आठवडे मनगटाला पट्टा, डाव्या हातानं माऊस आणि ऑफिसात सगळ्यांना 'टेनिस खेळताना झालं' अशी थाप.

मग वहिनींनी बजेट जाहीर केलं. ''सव्वाशे डॉलर. त्यात बसवा, नाहीतर विकत भरडलेलं आणा.'' (हो, तिकडे माल्टच्या दुकानात भरडूनही देतात. पण भरडलेलं फार दिवस टिकत नाही, आणि अख्ख्या धान्याचं पोतं किलोमागे स्वस्त पडतं.)

घाटात पहिला गिअर

आता खरी मेख ऐका. मोटार मिळवणं सोप्पं आहे. अवघड आहे ती तिला हळू फिरवणं!

दादाला गराज सेलमध्ये मोडीत निघालेल्या ड्रिल प्रेसची मोटार मिळाली. अर्धा हॉर्सपॉवर, पूर्ण बंद अंगाची. हे बंद अंग महत्त्वाचं, कारण भरडताना पिठाची धूळ उडते आणि उघड्या मोटारीच्या पोटात ती जाऊन बसते. मोटारीच्या पाटीवर लिहिलं होतं : 1725 आरपीएम. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, म्हणून 1725. आपल्याकडच्या 50 हर्ट्झवर अशाच मोटारीच्या पाटीवर 1440च्या आसपास आकडा असतो. पाटीवर 3450 दिसला, तर ती मोटार तिथंच सोडून या. दुप्पट वेग म्हणजे दुप्पट डोकेदुखी.

मग 1725चे दोनशे कसे करायचे? मोटारीवर दीड इंचाची पुली, मिलवर बारा इंचाची. बारा भागिले दीड बरोबर आठ. वेग आठपट कमी, म्हणजे मिनिटाला साधारण 215 फेऱ्या. थोडं वर आहे, पण चालतं. आणि बोनस म्हणजे पिळायची ताकद, पट्ट्यातलं थोडं नुकसान सोडलं, तर जवळपास आठपट! खंबाटकी घाटात आपण गाडी पहिल्या गिअरमध्ये का टाकतो? तेच कारण. वेग द्यायचा, ताकद घ्यायची.

ज्यांना पट्टा-पुलीचा पसारा नको, ते गिअर आतच असलेली, मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे फेऱ्यांची मोटार शोधतात आणि रबरी तुकड्याच्या कपलिंगनं थेट मिलला जोडतात. सुबक, कमी जागेत आणि झकास! पण जुन्या बाजारात नशिबानं मिळाली तरच परवडते.

दादानं जुन्या प्लायवूडच्या फळीवर दोन्ही बसवलं. मोटारीच्या बोल्टांना लांबट भोकं ठेवली, म्हणजे पट्टा सैल पडला की मोटार सरकवून ताणता येतो. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, ते सरळ पट्टी लावून बघितलं. ही रेष चुकली की पट्टा सारखा उतरतो. पहिली ट्रायल रिकाम्या मिलवर. दुसरी मूठभर दाण्यांवर. मग पाच किलो. घड्याळ लावलं होतं : चार मिनिटं!

मी टाळ्या वाजवल्या. दादानं लगेच कोरेगावला व्हिडिओ कॉल लावला.

''झाकण कुठाय?''

इथे थोडं मागं जायला हवं. दादाचे बाबा, म्हणजे आमचे काका, यांची कोरेगावात पिठाची गिरण होती. सुट्टीत गेलो की आम्ही पोरं तिथंच पडीक. काकांचा एकच प्रश्न दिवसभर चालायचा, ''जाडं दळू का बारीक?'' त्यांच्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच आहे. दादा तिसरीत असताना चालू गिरणीचा पट्टा उतरायला लागला, काकांनी सवयीनं हातानं सरकवला... संपलं. त्या दिवसापासून दादाला गिरणीत पाऊल टाकायची बंदी झाली. 'तू शिकायचं' हा हुकूमही त्याच दिवशीचा. इंजिनीअरिंगची फी त्याच गिरणीतून गेली.

आणि आता हा पठ्ठ्या फ्रीमॉण्टला गिरण टाकून बसलेला!

स्क्रीनवर काकांनी नीट बघितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ''पुली मोठी घेतलीस ते बेस केलंस. काय भरडतोस?''

''जव, बाबा.''

''जवाची भरड? गुरांना का?''

दादा माझ्याकडे बघायला लागला. काकांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मी छताकडे बघायला लागलो. पण काकांचं लक्ष केव्हाच दुसरीकडे गेलं होतं.

''पट्ट्यावर झाकण कुठाय रे?''

''लावणार आहे, बाबा. आधी चालतं का बघत होतो.''

''चालतं ते दिसलं. आता बंद कर. झाकण लाव, मग मला दाखव.'' आणि त्यांनी कॅमेऱ्यासमोर हात धरला. करंगळी दिसेल असा.

फोन बंद झाल्यावर दादानं प्लग काढला, उरलेलं प्लायवूड घेतलं आणि करवत चालवायला सुरुवात केली. त्या दिवशी बिअर झाली नाही. भरडलेलं माल्ट डब्यात गेलं. संध्याकाळपर्यंत पट्टा आणि दोन्ही पुल्या पूर्ण झाकणारी पेटी तयार होती. हॉपरवर जाळीही बसली, म्हणजे दाणे आत जातील, बोटं नाही.

हिशोब आणि हुशारी

दादाचा खर्च असा : मोटार 25 डॉलर, दोन पुल्या 45, पट्टा 10, स्विच आणि वायर 20, प्लायवूड-जाळी-बिजागऱ्या 20. एकूण 120. पाच डॉलर परत! मिल आधीचीच, म्हणून ती यात नाही. पैसे वाचवायचेच असतील तर मोटार जुनी घ्या, फळी जुनी घ्या. झाकण, अर्थिंग आणि स्विच यांत काटकसर नको.

आणखी थोडं, अनुभवाचं :
मोटार आधी सुरू करा, दाणे मग सोडा. भरल्या हॉपरवर मोटार सुरू केली की ती गुरगुरते आणि अडकते. हॉपरखाली सरकती पट्टी बसवली की काम सोपं.
दोन्ही रोलर आतल्या बाजूला फिरतायत ना, ते दाणे टाकायच्या आधी बघा.
बंद करायचं बटण मोठं हवं, आणि हात न वाकवता लागेल अशा जागी.
मोटारीच्या अंगाला अर्थिंग हवंच. दादानं गराजच्या जीएफसीआय सॉकेटवरच जोडणी केली. करंट गळला तर ते तत्काळ वीज तोडतं. वायरिंग येत नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, लाज नाही त्यात.
सैल बाही, ओढणी, मोकळे केस, गळ्यातलं ऑफिसचं कार्ड... सगळं लांब.
भरडायची जागा आणि बिअर मुरायची जागा वेगळी ठेवा. धान्याच्या धुळीत दही लावणाऱ्या जिवाणूंची भावंडं असतात, ती बिअर आंबवतात. पेटती शेगडीही धुळीपासून दूर हवी.

आणि आपल्याकडे?

उत्साहाच्या भरात एक गोष्ट विसरू नका. हे सगळं तिकडे कायदेशीर आहे. अमेरिकेतली दारूबंदी 1933 मध्ये उठली, तरी घरच्या बिअरला केंद्र सरकारची सवलत मिळायला 1978 साल उजाडलं. जिमी कार्टर यांनी त्या कायद्यावर सही केली. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर 200. विकायची मात्र नाही. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची राज्यं तर 2013 मध्ये तयार झाली. महाराष्ट्रात मात्र 1949 चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा. तेव्हा इथं असाल तर एखाद्या मायक्रोब्रुअरीत जाऊन बसा, बॉस! पुली-पट्ट्याचं गणित मात्र कुठल्याही भरडीला लागू आहे.

परत निघायच्या आदल्या शनिवारी मीही साडेसहाला उठलो. भरडून झालं, गाळून झालं. उरलेला चोथा वहिनींनी वाळत घातला. भाजून, दळून तो थालीपिठाच्या भाजणीत जातो म्हणे. काकांची शंका अगदीच चुकीची नव्हती. तिकडच्या ब्रुअऱ्यांचा चोथा खरंच गुरांना जातो!

पेटीच्या झाकणावर दादानं मार्करनं ठळक देवनागरीत लिहून ठेवलंय : 'आधी झाकण, मग बटण.' शेजारच्या होमब्रुअर मित्रांना ते वाचता येत नाही. ज्याच्यासाठी लिहिलंय, त्याला येतं.