रामलीला आणि आकाशपाळणा

हिंगोलीच्या रामलीला मैदानावर फेरी मारल्याशिवाय सेनगावकडच्या पोरांचा दसरा पुरा होत नाही. खाकीबाबा मठाशी जोडलेल्या या उत्सवाला दीडशेहून अधिक वर्षं झाली. हिंगोली जिल्हा मात्र १ मे १९९९चा! एकीकडे रामलीला, दुसरीकडे प्रदर्शनातले आकाशपाळणे आणि भोंग्यांवर एकमेकांवर कुरघोडी करणारी गाणी. गर्दी दोन्हीकडे तीच. दसऱ्याला फटाक्यांनी भरलेला रावण पेटतो.

रामकथेची अशी करमणूक इंडोनेशियातही चालते. जावा बेटावर प्रंबाननच्या मंदिरांजवळ १९६१पासून रामायण नृत्यनाट्य होतं. संवाद नाहीत, साथीला गामेलान वाद्यवृंद, आणि कलाकारांत कित्येक मुस्लिम. उघड्या रंगमंचावर हनुमान लंका जाळतो तेव्हा आग खरीखुरी असते.