बदलला फोन, दोष मात्र स्मरणशक्तीला!

ऑगस्ट २०२५ मध्ये अनेकांच्या अँड्रॉइड फोनवर कॉल लावण्याची आणि घेण्याची स्क्रीन अचानक बदललेली दिसली. गूगलच्या ‘फोन’ ॲपने नवे रूप घेतले होते. बटणे मोठी झाली, आवडते क्रमांक आणि अलीकडचे कॉल एकाच पानावर आले. आलेला फोन पूर्वी बोट वर सरकवून घेतला जाई. आता ते आडवे सरकवायचे होते. ‘माझा फोन हॅक झाला का?’ असे प्रश्न समाजमाध्यमांवर विचारले जाऊ लागले. अखेर, हा बदल आमचा नसून गूगलच्या ॲपचा आहे, असा खुलासा वनप्लस या फोन कंपनीला करावा लागला.

तरुणांची चिडचिड दोन-चार दिवसांत ओसरते. पण बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरमध्ये अनेक घरांत मुले दिवसभर कामावर आणि आई-वडील एकटे असतात. औषधवाला, डॉक्टर, मुलगी, सारे त्या एका स्क्रीनच्या आधाराने जोडलेले असतात. तिथे फोन उचलताच आला नाही, तर दोन्हीकडे जीव टांगणीला लागतो. ‘आई, तुला एवढेही जमत नाही?’ असे कोणी म्हटले, की ‘आपल्याला विसरायला तर होत नाही ना?’ ही धास्ती बसते.

ही धास्ती बहुतेक वेळा अनाठायी असते. मेंदूत स्मृती एकाच प्रकारची नसते. नाव, घटना, पत्ता लक्षात ठेवण्यासाठी ‘हिप्पोकॅम्पस’ हा भाग महत्त्वाचा असतो. सायकल चालवणे, कुलूप उघडणे, फोन उचलणे अशा हातात बसलेल्या सवयी मात्र मेंदूच्या आत खोलवर असलेला ‘बेसल गँग्लिया’ आणि लहान मेंदू सांभाळतात. त्यासाठी विचार करावा लागत नाही. वय वाढले तरी या सवयी बऱ्याच टिकतात. नवी सवय लागायला मात्र जास्त वेळ लागतो. शिवाय जुनी सवय नव्या सवयीच्या आड येते. डोळ्यांना नवे बटण दिसते, बोट मात्र जुन्याच दिशेने सरकते.

९ डिसेंबर २०२३ रोजी दादरला मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे नवे क्रमांक मिळाले. तो बदल आधी जाहीर झाला होता, तरी रोजच्या प्रवाशांना नव्या क्रमांकांची सवय व्हायला वेळ लागला. फोनच्या बाबतीत तर पूर्वसूचनाही नव्हती. आपल्या हातातली गोष्ट आपल्याला न विचारता बदलली, की ताण वाढतो. आणि घाबरलेले मन नवे शिकत नाही.

म्हणून घरच्यांनी चटकन फोन हातातून काढून घेऊ नये. ज्येष्ठांच्याच बोटाने कॉल घेणे आणि लावणे दिवसातून चार-पाच वेळा, काही दिवस करून घ्यावे. ॲपच्या सेटिंगमध्ये बोट सरकवण्याऐवजी नुसते टेकवून फोन घेण्याचीही सोय आहे; थरथरत्या हाताला ती सोपी पडते. जवळच्या माणसांचे क्रमांक थेट मुख्य स्क्रीनवर ठेवावेत आणि कागदावर ठळक लिहून भिंतीवर लावावेत. त्यात ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हवेतच. प्ले स्टोअरमधून ॲपचे अपडेट काढता येते, पण त्यासोबत सुरक्षेच्या दुरुस्त्याही जातात. तो कायमचा उपाय नव्हे. ‘फोन नीट करून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कोणतेही ॲप घेऊ नये. फसवणूक झालीच तर १९३० वर तत्काळ कळवावे.

मग डॉक्टरांकडे कधी जावे? काही आठवड्यांच्या सरावानंतरही जमत नसेल आणि सोबत न बदललेल्या गोष्टीही चुकू लागल्या असतील, म्हणजे रोजचा चहा, औषधांच्या वेळा, ओळखीचा रस्ता, तर स्मरणशक्तीची तपासणी जरूर करावी. आणि बोलणे, चेहरा किंवा हात अचानक बिघडला, तर दोष फोनला न देता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.